लेकरू तोंड फिरवतं, मग लोह पोटात जाणार कसं?

माझा लेक २२ महिन्यांचा असताना आम्ही त्याला सर्दीसाठी डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी खालची पापणी हळूच ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं ८.४. घरी आल्यावर सासूबाईंना काही पटेना. "अगं, लिटरभर दूध पितंय लेकरू, त्याला रक्त कसं काय कमी पडंल?"

उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं, पण ते माझ्या डोक्यात शिरायला महिना गेला. तोवर मी बीट किसलं, डाळिंबं सोलली, खजूर भिजवले. त्यातलं बहुतेक मीच खाल्लं.

आम्ही परभणीचे. ज्वारी-बाजरी घरच्या शेतातली, मटकी-हुलगे डब्यात भरलेले. लोहाच्या वस्तू घरात होत्याच, अडत होतं ते त्या लेकराच्या तोंडात जाण्यावर. आणि हे एकट्या आमच्या घरचं रडगाणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली होती. तेव्हा आधी स्वतःला दोष देणं थांबवा आणि एकेक पायरी घ्या.

१. आधी तपासणी, मग स्वयंपाकघर

लेकरू फिकट दिसतं, चिडचिडतं, लवकर दमतं, सारखं आजारी पडतं ही लक्षणं सगळ्यांना माहीत असतात. आणखी एक आम्ही हसण्यावारी नेलं होतं: तुळशीच्या कुंडीतली माती खाणं. भिंतीचे पोपडे, खडू, माती खाणारं लेकरू अनेकदा लोह कमी असल्याचंच सांगत असतं. त्याला रागावू नका, डॉक्टरांना सांगा.

तपासणी सीबीसीची (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी) करायची. उपाशीपोटी न्यायची गरज नाही. बोटाला टोचून केलेल्या तपासणीवर अंदाज येतो, पण औषध ठरवायला शिरेतून घेतलेलं रक्त बरं. डॉक्टर फेरिटिनही सांगू शकतात. त्यावरून अंगात लोहाचा साठा किती उरलाय ते कळतं. पाच वर्षांखालच्या मुलांत ते लिटरमागे १२ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपला असं धरतात. मात्र ताप-खोकला चालू असताना फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून लेकरू आजारी असेल तर तसं सांगा.

जाताना सोबत न्यायचं:
- माता-बाल संरक्षण कार्ड (वजनाच्या नोंदी त्यातच असतात)
- आधीचे रिपोर्ट, जन्माच्या वेळचे कागद (लेकरू दिवस भरायच्या आधी किंवा कमी वजनाचं जन्मलं असेल तर ते महत्त्वाचं)
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, चिठ्ठी नव्हे, बाटल्याच
- तीन दिवसांत काय खाल्लं-प्यायलं त्याची वही

वही टाळू नका. "काही खातच नाही हो" हे वाक्य डॉक्टर दिवसाला पन्नासदा ऐकतात. "सकाळी सहाला २५० मिली दूध, आठला चहात बुडवलेला बटर, साडेदहाला परत दूध" असं लिहून नेलं की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

इथे गफलत होते: रिपोर्टवर शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा कित्येकदा मोठ्या माणसांची असते, १२ ते १६ वगैरे. ती बघून घाबरू नका. या वयात साधारण ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ७ च्या खाली असेल तर घरगुती उपायांचा विचारही करू नका, सरळ दवाखाना गाठा.

दुसरी गफलत याहून मोठी. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी असं दरवेळी नसतं. थॅलेसेमिया मायनर (रक्ताच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार) असलेल्या मुलाचं सीबीसी वरवर तसंच दिसतं. घरात किंवा नात्यात कुणाला थॅलेसेमिया, सिकलसेल असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. मनानं सिरप आणून चालू करू नका ते यासाठीच.

२. दूध मोजा. खरंच, मापानं मोजा

आमच्या लेकाचं दूध मोजलं तर दिवसाला साडेनऊशे मिलीच्या पुढे गेलं. म्हशीचं. म्हशीच्या लिटरभर दुधातून हजाराच्या आसपास किलोकॅलरी मिळतात, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची सगळी गरजच साधारण तेवढी असते. म्हणजे आमचं लेकरू नाटकं करत नव्हतं, त्याचं पोट भरलेलं होतं! भरल्या पोटावर मी भाकरी घेऊन त्याच्यामागे अंगणभर फिरत होते.

आता त्या लिटरभर दुधात लोह किती? अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. या वयाला दिवसाला ८ मिलिग्रॅम लागतं. वर दुधातलं कॅल्शियम बाकीच्या जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही.

दूध बंद करायचं नाही. दिवसाला ४०० ते ५०० मिलीवर आणायचं. आम्ही असं केलं:

पहिल्यांदा बाटली गेली, तिच्या जागी छोटं फुलपात्र आलं. फुलपात्रातून आपोआपच कमी जातं. मग सकाळी उठल्याउठल्याचं दूध जेवणानंतर ढकललं. दुपारचं बंद. रात्री झोपतानाचं सगळ्यात शेवटी काढलं, कारण तिथं रडारड होणार हे ठाऊक होतं. पहिले चार दिवस घरात गोंधळ होता, सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. पाचव्या दिवशी त्यानं सासऱ्यांच्या ताटातला भाकरीचा तुकडा स्वतः उचलला. त्यानंतर सासूबाईंनीच बाटली माळ्यावर टाकली.

अंगावर पाजत असाल तर ते थांबवायची गरज नाही. दोन वर्षं आणि पुढेही पाजता येतं. फक्त जेवणाच्या तोंडावर पाजू नका. आणि लेकरू वर्षाच्या आतलं असेल तर गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून द्यायचंच नाही. त्यानं आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा बारीक रक्तस्रावही होऊ शकतो.

आणि चहा. आपल्याकडे दीड वर्षाच्या लेकराला बशीत चहा ओतून देणं म्हणजे लाड. चहातली टॅनिन लोह अडवून ठेवतात. जेवणाबरोबरचा चहा तर आणखी वाईट. पाहुणे देतात, शेजारी देतात, "एक घोट काय होतंय" म्हणतात. मी सरळ डॉक्टरांचं नाव पुढे केलं. "डॉक्टरनं चहा बंद सांगितलाय" म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही. तुम्हीही बिनधास्त करा.

३. ८ मिलिग्रॅमचा हिशेब

आकडा छोटा वाटतो, पण धान्य-डाळींमधलं लोह शरीर फार थोडं उचलतं. मटण-काळीज-मासे यांतलं त्याहून चांगलं शोषलं जातं. खाणारं घर असेल तर खिम्याचा बारीक मऊ घास हा सगळ्यात सोपा रस्ता. काळीज मात्र आठवड्यातून एकदाच, तेही थोडं, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. घरात माळकरी असतील तर पुढचं वाचा, आमचंही तसंच आहे.

१०० ग्रॅम कच्च्या जिनसातलं लोह, अंदाजे:
- हुलगे: ८ ते ९ मिलिग्रॅम
- मटकी: ८
- हरभरा, मसूर: ७
- बाजरी: ६
- ज्वारी: ४
- तीळ: १४-१५ (पण खाल्ला जातो चमचाभरच)
- पालक: ३

पालकाचा आकडा बघून मलाही धक्का बसला होता. डाळिंबात तर अर्धा मिलिग्रॅमही नाही, बिटातही एकच्या आत. लाल दिसतं म्हणून रक्त वाढतं ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. डाळिंब फळ म्हणून जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. गुळाचंही तेच. चहाच्या चमच्याएवढ्या गुळातून लोह नगण्य जातं आणि दात मात्र किडतात.

एका दिवसाचा आमचा हिशेब: अर्धी छोटी बाजरीची भाकरी (पीठ ३० ग्रॅम) म्हणजे दोनच्या थोडं खाली, मूठभर मऊ मटकी (कोरडी १५ ग्रॅम) सव्वा, संध्याकाळी हुलग्याचं माडगं वाटीभर, त्यातून एक, तिळाचा कूट चमचाभर, पाऊण. झाले पाच. उरलेलं वरण-भाजीतून आलं तर आलं. रोज आठ होत नाहीत. आठवड्याची सरासरी बघा, रोज रात्री हिशेब मांडून रडू नका.

शेतकरी घर असेल तर बियाणं घेताना एवढं लक्षात ठेवा: आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या साथीनं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला, त्यात किलोला ४५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे, शिवाय जस्तही जास्त. बाजरीत विद्यापीठाचाच 'एएचबी १२०० एफई' आहे. खाण्यापुरता एखादा पट्टा पेरायला हरकत काय?

४. आंबट जोडीला हवंच

हे फुकटात होणारं काम आहे. क जीवनसत्त्व त्याच जेवणात असेल तर धान्य-डाळीतलं लोह कितीतरी चांगलं शोषलं जातं. मटकीवर लिंबू पिळा, तेही ताटात वाढल्यावर, कारण शिजवताना क जीवनसत्त्व बरंच निघून जातं. पेरू (बिया काढून), टोमॅटो, आवळ्याचा कीस, उन्हाळ्यात कैरी, जालन्याकडची मोसंबी. दोन फोडी पुरतात.

कडधान्यं भिजवून मोड आणलेली चांगली. मोड आले की लोह धरून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं. मोड आलेली मटकी लेकरासाठी कुकरमध्ये एक शिट्टी जास्तच घ्यायची, बोटानं दाबली की चेंगरली पाहिजे.

लोखंडी कढई असेल तर माळ्यावरून काढा. टोमॅटो-चिंचेची आमटी, पालेभाजी त्यात शिजवली की लोह उतरतं. शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळं पडतं आणि चवही बिघडते. नॉनस्टिकमधून काही मिळत नाही, हे सांगायला नकोच.

५. तोंड फिरवणाऱ्याला काय चाललं

इथे माझं मत ठाम आहे: लपवाछपवी फार काळ चालत नाही. पालक पिठात मिसळून आठ दिवस खपला, नवव्या दिवशी लेकानं हिरवा ठिपका शोधून थुंकला आणि मग पांढरी पोळीसुद्धा संशयानं बघायला लागला.

त्याऐवजी एक नियम धरला. काय वाढायचं आणि कधी, ते मी ठरवणार. किती खायचं आणि खायचं की नाही, ते तो ठरवणार. दिवसातून तीन जेवणं, दोन खाऊ, मध्ये फक्त पाणी. पाच रुपयांच्या पुड्या बंद. नवीन पदार्थ ताटात सुपारीएवढा. नाही खाल्ला तर न बोलता उचलायचा आणि दोन दिवसांनी परत वाढायचा. हुलग्याच्या शेंगोळ्यांना त्यानं अकराव्या वेळी हात लावला. मी मोजत होते.

शेंगोळे का चालले, तर ते हातात धरता येतात. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, तिखट नावालाच. बोटाच्या पेराएवढे वळायचे आणि भरपूर पाण्यात मऊ शिजवायचे. उरलेलं पाणी म्हणजे दाट रस्सा, तोही पाजायचा.

धपाटेही चालले, ज्वारी-बेसन-मेथी आणि वरून तीळ. धपाट्याबरोबर दही नको म्हणणं आपल्याकडे पापच आहे, तेव्हा चमचाभर द्या, वाटीभर नको. भाकरीवर तूप आणि त्यावर कारळाची किंवा तिळाची चटणी, बिनतिखटाची, हा त्याचा आजवरचा लाडका घास.

पण त्याला खरं खायला शिकवलं ते वेळ अमावास्येनं, म्हणजे रानात पंगत जेवायच्या सणानं. माझं माहेर लातूरकडचं. रानात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली होती, सहा-सात चुलत-मावस भावंडं भज्जीत बाजरीचे उंडे कुस्करून खात होती. आमचं ध्यान अर्धा तास नुसतं बघत बसलं. मग शेजारच्या ताटात हात घातला. मी मुद्दाम तिकडं पाठ केली. माझ्या नजरेसमोर त्यानं कधीच इतकं खाल्लं नसतं. तेव्हापासून घरीही सगळ्यांच्या ताटांबरोबर त्याचं ताट मांडतो, मोबाइल बाजूला.

घशात अडकणाऱ्या वस्तू: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक हरभरे या वयात देऊ नका, पौष्टिक असले तरी. कूट करून द्या. शेंगा फोडत बसलेल्या मोठ्या मंडळींवरही लक्ष ठेवा, लेकरू तिथूनच उचलतं.

६. औषध: सगळ्यात जास्त चुका इथे

हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर नुसत्या खाण्यानं भरून निघत नाही. भाकरी-मटकी पुढची घसरण थांबवते, झालेली तूट औषध भरतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक महिना वाचला असता.

उपचाराचा डोस वजनावर असतो, साधारण किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम. आमचा लेक तेव्हा ९.८ किलोचा, म्हणजे ३० च्या आसपास. हा आकडा 'एलिमेंटल आयर्न'चा, म्हणजे प्रत्यक्ष लोहाचा असतो. बाटलीवर क्षाराचं वजन मोठ्या अक्षरात आणि खरं लोह बारीक अक्षरात असतं. शिवाय ड्रॉप्स आणि सिरप यांची तीव्रता वेगळी. ड्रॉप्सच्या १ मिलीत जेवढं लोह असतं तेवढ्यासाठी सिरपचे ५ मिली लागू शकतात. मेडिकलवाल्यानं "हेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून बाटली बदलून दिली तर डोसही बदलतो. आम्हाला असंच झालं आणि दहा दिवस लेकाला पाव डोसच गेला. बाटली बदलली की डॉक्टरांना फोन करून मिली विचारा.

देताना:
- दोन जेवणांच्या मध्ये, लिंबूपाणी किंवा मोसंबीच्या रसाबरोबर. उलटी करत असेल तर खाण्यानंतर द्या, चालतं.
- दुधात मिसळून कधीच नाही. चहात तर नाहीच.
- ड्रॉपरनं गालाच्या आत, मागच्या बाजूला सोडा आणि वरून पाणी पाजा, नाहीतर दातांवर काळे डाग येतात. आले तर घाबरू नका, ते निघतात.
- शी काळी होते, ते ठीक आहे. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, पेरू, पपई वाढवा. औषध परस्पर बंद करू नका.

बाटली कुलपात ठेवा. गोड चव लागते म्हणून लेकरानं अख्खी बाटली तोंडाला लावली तर लोहाची विषबाधा जीवावर बेतू शकते. तसं झालं तर लक्षणांची वाट न बघता बाटली सोबत घेऊन दवाखान्यात धावा.

७. अंगणवाडी, आशाताई, जंत

ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप असतं (१ मिलीत २० मिलिग्रॅम लोह). हा प्रतिबंधाचा डोस. लेकराला उपचाराचं औषध चालू असेल तर आशाताईंना तसं सांगा, दोन्ही एकत्र नको. त्यांना न विचारता बाटली कपाटात ठेवून देणाऱ्या आया मी पाहिल्यात, मीही त्यातलीच होते.

जंताच्या गोळीची फेरी फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास असते. एक ते दोन वर्षांच्या लेकराला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, दोन वर्षांपुढे पूर्ण. चुरून पाण्यात द्यायची, अख्खी नाही. माती खाणाऱ्या लेकराच्या बाबतीत ही फेरी चुकवू नका.

रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून आमच्या गल्लीत बायका निवडून फेकायच्या. ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे होते, शंभरात एक या प्रमाणात मिसळलेले. तेच फेकले तर राहिलं काय? थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या लेकराला मात्र तो तांदूळ द्यायचा की नाही हे डॉक्टरांना विचारा.

८. पुन्हा रक्त कधी तपासायचं

महिन्याभरानं. औषध लागू पडत असेल तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण १ नं वर सरकतं. आमचं ८.४ वरून ९.६ झालं. काहीच सरकलं नाही तर आधी स्वतःला विचारा: रोज दिलं का, दुधाबरोबर तर गेलं नाही ना, डोस बरोबर होता का? तिन्ही ठीक असतील तर डॉक्टरांकडे थॅलेसेमियासाठीच्या एचपीएलसी तपासणीचा विषय काढा.

आणि आकडा ११ झाला म्हणून त्याच दिवशी औषध थांबवू नका. साठा भरायला पुढे आणखी दोन-तीन महिने लागतात, कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील. माती खाणं मात्र आमच्याकडे पहिल्या महिन्यातच थांबलं होतं, आकडा वर येण्याच्या कितीतरी आधी. आता कुंडीतल्या तुळशीला पानंही बरी फुटलीत.